दंतारोग्यविषयक लोकवनस्पतिशास्त्रीय लेखन : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

ग्रामीण व आदिवासी महाराष्ट्रात दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींविषयीच्या लेखनात स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुल, उपयोगी भाग व उपयोग असा तक्ता हे रूढ रूप झाले आहे. त्यामुळे अनेक नोंदी जतन झाल्या, हे श्रेय मान्य करूनच त्याच्या मर्यादांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नावांचा प्रश्न

‘अक्कलकारा’ हे नाव अॅनासायक्लस पायरेथ्रमच्या मुळाला आहे, तसेच दातदुखीवर चघळल्या जाणाऱ्या स्पिलँथसच्या बोंडांनाही लावले जाते. दोहोंनी जिभेला झिणझिण्या येतात. त्यामुळे लोकांनी दिलेले एकच नाव अनुभवाला धरून आहे. संशोधकाने मात्र नमुना न तपासता केवळ नावावरून शास्त्रीय नाव लिहिल्यास पुढील सर्व विश्लेषण भलत्याच वनस्पतीचे ठरते.

कृतीचा लोप

‘दातांसाठी उपयुक्त’ या एकाच शेऱ्याखाली बाभळीची काडी आणि भुईरिंगणीच्या बियांची धुरी शेजारी येतात. वस्तुतः काडी चावून तिच्या कुंच्याने दात घासणे ही नित्य स्वच्छता होय. धुरी हा दुखऱ्या दातातील किडे बाहेर पडतात या समजुतीवर आधारलेला उपचार आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात करंज, करवीर, अर्क, मालती, अर्जुन व असन यांचा दंतधावनासाठी निर्देश करताना हिरड्यांना इजा होऊ न देण्याचीही सूचना आहे. आजच्या तक्त्यांतून नेमकी ही कृती व तिची मर्यादाच गळते.

निवडीचा प्रश्न

सर्वांत गंभीर बाब मिश्रीची. भाजलेल्या तंबाखूची ही पूडही वनस्पतिजन्य आहे आणि विशेषतः स्त्रिया ती पिढ्यान्‌पिढ्या दातांना लावत आल्या आहेत. तरीही ‘पारंपरिक ज्ञाना’च्या यादीत तिला क्वचितच स्थान मिळते. दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये बंदी आली. घरच्या तव्यावर भाजली जाणारी मिश्री मात्र चालूच राहिली. धूरविरहित तंबाखू मुखाच्या कर्करोगास कारणीभूत होते, हे सिद्ध झाले आहे. बाभळीच्या काडीची माहिती देणारी स्त्री मिश्रीही लावत असेल, तर तिच्या मुखारोग्याचे श्रेय वा दोष कशाला द्यावयाचा?

समारोप

परंपरेतील हितकारक तेवढेच वेचणे हा परंपरेचा गौरव असेल, अभ्यास नव्हे. नमुन्याची खात्री, कृतीचे वर्णन आणि अपायकारक वापराची प्रामाणिक नोंद या तीन गोष्टी पाळल्या, तरच हे लेखन ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याही उपयोगी पडेल.