पी. डी. जेम्स : प्रशासकीय अनुभव आणि रहस्यकादंबरी

रहस्यकादंबरी हे केवळ वेळ घालविण्याचे साधन होय, असा समज आपल्या समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. त्यामुळे या प्रकारातील लेखकांचे जीवन व लेखन यांचा अनुबंध क्वचितच तपासला जातो. इंग्रजी कादंबरीकार पी. डी. जेम्स (१९२०–२०१४) यांच्याबाबतीत तो तपासणे अगत्याचे आहे. कारण त्यांच्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांतील खून नोकरीच्या जागी घडतात.

जेम्स यांचे शालेय शिक्षण सोळाव्या वर्षी थांबले. महायुद्धावरून परतलेले पती मानसिक आजाराने ग्रस्त झाले आणि दोन मुलींसह संसाराचा भार त्यांच्यावर आला. १९४९ पासून रुग्णालय प्रशासनात व १९६८ ते १९७९ ब्रिटिश गृहखात्यात त्यांनी नोकरी केली. कामावर जाण्यापूर्वी पहाटे लिहिलेली 'कव्हर हर फेस' १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. ही पहिली कादंबरी ग्रामीण हवेलीच्या जुन्या चौकटीतच राहते. दुसरी, 'अ माइंड टू मर्डर' (१९६३), मानसोपचार केंद्रात घडते. तेथे बळी जाते ती केंद्राची प्रशासकीय अधिकारी. लेखिकेच्याच व्यवसायातील स्त्री! हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

'श्राउड फॉर अ नाइटिंगेल' (१९७१) मध्ये हा अनुभव पूर्णत्वास जातो. परिचारिका प्रशिक्षण संस्थेत तपासणीचा दिवस आहे. निरीक्षक बाईंसमोर रुग्णास नळीद्वारे अन्न देण्याचे प्रात्यक्षिक चालू असून रुग्णाच्या जागी एक विद्यार्थिनी आहे. नळीतून विष जाते व ती सर्वांदेखत मरण पावते. येथे खुन्याला अंधारी रात्र लागत नाही, वेळापत्रक पुरते. मूळ नेमलेली विद्यार्थिनी आजारी असल्याने ऐनवेळी बदल झालेला असतो. त्यामुळे खून नेमका कोणाचा करावयाचा होता, हा प्रश्नही कामाच्या वाटपातूनच उद्भवतो. महाविद्यालयात तपासणी समितीस सामोरे गेलेल्या वाचकास या प्रसंगातील ताण निराळा सांगावा लागणार नाही. 'डेथ ऑफ ॲन एक्स्पर्ट विटनेस' (१९७७) मध्ये तर न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील कनिष्ठ कर्मचाऱ्यावर संशय येण्यास वरिष्ठाने दिलेला प्रतिकूल गोपनीय अहवाल कारणीभूत ठरतो.

उत्तरकालीन कादंबऱ्यांत वास्तुवर्णन इतके विस्तारते की तपास मंदावतो, हा दोष मान्य करावा लागेल. मात्र खुनी सापडला म्हणजे सारे पूर्ववत झाले, असे जेम्स मानत नाहीत. परस्परांविरुद्ध जबाब दिलेल्या सहकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, शेजारच्या टेबलांवर बसून काम करावयाचे असते.