जुन्या गल्लीतील अभिज्ञान : पुनर्भेटीच्या आशयसूत्राची तुलनात्मक चिकित्सा

१

बालपणीच्या गल्लीत परत जाणे आणि तेथील शेजाऱ्यांना, शाळासोबत्यांना पुन्हा भेटणे हे आधुनिक भारतीय गद्यातील वारंवार येणारे आशयसूत्र आहे. मराठी समीक्षेने त्याची बोळवण बहुधा 'स्मरणरंजन' या एका शब्दात केली. परिणामी अशा लेखनापुढे दोनच प्रतिक्रिया शक्य झाल्या: स्वतः हळवे होणे, किंवा लेखकाच्या हळवेपणावर बोट ठेवणे. प्रस्तुत निबंधात या सूत्राकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे. पुनर्भेटीत कोण कोणाला ओळखतो, ओळखण्याचा अधिकार कोणाकडे असतो आणि ओळख पटली तरी काय कळायचे राहून जाते, हे प्रश्न येथे मध्यवर्ती मानले आहेत.

ओळख पटण्याचा प्रसंग जुन्या साहित्यविचारालाही महत्त्वाचा वाटला आहे. कालिदासाच्या नाटकाच्या शीर्षकातच 'अभिज्ञान' आहे. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त अभिज्ञानाला कथानकाच्या प्रमुख घटकांत स्थान दिले. एरिक ऑयर्बाखच्या 'मिमेसिस' (१९४६) या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण वृद्ध दाई ओडिसियसला व्रणावरून ओळखते त्या प्रसंगापासून सुरू होते. या परंपरांत ओळखीला एक खूण असते: अंगठी किंवा व्रण. गल्लीत परतणाऱ्याजवळ अशी खूण नसते. तो तेथला होता याचा पुरावा म्हणजे मागे राहिलेल्यांची स्मृती. त्यामुळे त्याचा भूतकाळ काही अंशी इतरांच्या स्वाधीन असतो, आणि या सूत्रातील नाट्य याच परावलंबनातून निर्माण होते.

२

मराठीत या सूत्राचे सर्वाधिक लोकप्रिय रूप पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकात आढळते. सोकाजीनाना त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर, आचार्य बर्वे ही माणसे परस्परांची इतकी परिचित आहेत की ओळख पटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अखेरच्या चिंतनपर प्रकरणात विनोद मागे सरतो आणि चाळीचे सामूहिक जीवन ओसरत चालल्याची जाणीव पुढे येते. या प्रकरणाचा प्रभाव नंतरच्या मराठी ललितगद्यावर खोलवर पडला. चाळ, वाडा, आळी यांच्यावर लिहिताना अनेकांनी तोच स्वर उचलला. मूळ पुस्तकात मात्र त्या स्वराआधी चाळकऱ्यांच्या क्षुद्रतेचे, हेव्यादाव्यांचे निर्मम दर्शन येऊन गेलेले असते. अनुकरणात हे दर्शन गळाले आणि हुरहुर तेवढी उरली. स्मरणरंजनाचा आरोप करायचाच असेल, तर तो मूळ कृतीपेक्षा या अनुकरणांवर अधिक योग्य ठरतो.

३

मोहन राकेश यांच्या 'मलबे का मालिक' या हिंदी कथेत हेच सूत्र टोकाला जाते. फाळणीनंतर साडेसात वर्षांनी हॉकीच्या सामन्याच्या निमित्ताने लाहोरहून काही मुसलमान अमृतसरला येतात. त्यांत वृद्ध गनी मियाँ आहे. तो आपल्या जुन्या मोहल्ल्यात शिरतो तेव्हा पोरांना आत बोलावले जाते. जी गल्ली एके काळी त्याची होती, तिच्यात तो आता भीतीचा विषय आहे. एक तरुण त्याला ओळखतो आणि घरापाशी घेऊन जातो. तेथे केवळ ढिगारा आहे. मुलगा चिराग, सून आणि नाती दंगलीत मारल्या गेल्या हे त्याला ठाऊक आहे. त्यांना मारणारा रक्खा पहेलवान समोर बसला आहे, हे मात्र ठाऊक नाही. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीला ते माहीत आहे.

गनी रक्ख्याला ओळखतो आणि मोठ्या भरवशाने जुन्या शेजाऱ्याशी बोलतो. येथे ओळख पटणे आणि सत्य कळणे या दोन गोष्टी पूर्णतः विलग झाल्या आहेत. ॲरिस्टॉटलच्या कल्पनेत अभिज्ञान म्हणजे अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणारे संक्रमण. राकेश ते संक्रमण ज्याच्यासाठी व्हायला हवे त्याच्यासाठी होऊ देत नाहीत. ते घडते रक्ख्याच्या बाबतीत. गनीच्या विश्वासाने त्याचा कणा मोडतो, आणि ज्या ढिगाऱ्याचा मालक म्हणून तो मिरवत होता तेथून एक कुत्रे त्याला भुंकून उठवते. कथेतील गल्लीचे मौनही अर्थपूर्ण आहे. ते करुणेचे आहे की सहभागाचे, याचा निर्णय राकेश वाचकावर सोपवतात.

४

अमिताव घोष यांच्या 'द शॅडो लाइन्स' (१९८८) या इंग्रजी कादंबरीतील आजी १९६४ साली ढाक्याला जाते, ती जिंदाबहार लेनमधील वडिलोपार्जित घरातून वृद्ध चुलत्याला कलकत्त्याला आणण्यासाठी. चुलता तिला ओळखत नाही आणि यायलाही तयार नाही. त्याची काळजी ज्या मुसलमान कुटुंबाने घेतली, तेच आता त्याचे शेजारी आणि आप्त आहेत. 'आपल्या' माणसाला सोडवण्याच्या आजीच्या आग्रहाची परिणती दंगलीतील हत्यांत होते. परत जाणाऱ्याला वाटते की गल्ली आपली वाट पाहत थांबली आहे. प्रत्यक्षात तिने दरम्यान नवी नाती जोडलेली असतात, आणि परतणाऱ्याच्या प्रेमाचे ओझे त्या नात्यांवर पडते.

या आजीने ढाका सोडला तो प्रथम विवाहामुळे. फाळणी नंतर आली. मराठी वाचकाला हे सहज उमगावे, कारण त्याच्या मौखिक परंपरेत परतीचे सूत्र मुख्यतः स्त्रीचे आहे. जात्यावरच्या ओव्यांतील माहेर म्हणजे आई, भाऊ आणि त्यांच्याबरोबरच आळी, वाटेवरची झाडे, आणि 'शेजी'. ही शेजी ओवीतील एक स्थिर व्यक्तिरेखाच आहे: कधी आईच्या मायेपुढे उणी ठरणारी, कधी सुखदुःख ऐकून घेणारी. ओवीतल्या स्त्रीला गल्ली सोडण्याचा निर्णय घ्यावा लागत नाही. तो तिच्यासाठी घेतलेला असतो. परत येण्यासाठीही तिला कोणाची तरी परवानगी लागते. म्हणून तिच्या ओढीला केवळ स्मरणरंजन म्हणता येत नाही. घोष यांच्या आजीकडे या बाजूने पाहिले तर तिचा हट्ट निराळा भासू लागतो. तिचे माहेरच परराष्ट्र झाले आहे, आणि राष्ट्रावर निष्ठा ठेवणाऱ्या या स्त्रीपाशी ते दुःख मांडण्याची भाषा उरलेली नाही.

५

वरील कृतींत गल्ली हरवली आहे; पण ती एके काळी आपली होती याविषयी शंका नाही. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) ही शंका उपस्थित करते. येथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. एकाच माणसाची ही दोन नावे आहेत, आणि पुस्तकाची रचना हीच एक पुनर्भेट आहे. शिकून पांढरपेशा झालेला लेखक गावच्या महारवाड्यात आणि मुंबईच्या कावाखान्यात वाढलेल्या मुलाला भेटतो. दोघे एकमेकांना ओळखतात, तरी त्यांच्यातील अवघडलेपण संपत नाही. येथे शेजार आहे, माया आहे, आठवणीही विपुल आहेत. परंतु ज्या व्यवस्थेने ही वस्ती गावकुसाबाहेर ठेवली, तिला वगळून त्या आठवणींत रमणे या निवेदकाला शक्य नाही. 'बटाट्याची चाळ' आणि 'बलुतं' शेजारी ठेवून वाचली की मराठी स्मरणरंजनाचा भूगोल स्पष्ट होतो: कोणत्या आळीची आठवण ललित ठरली आणि कोणत्या आळीची साक्ष.

६

या विवेचनामागे एक वैयक्तिक निमित्त आहे, आणि ते लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझे बालपण बडोद्यातील एका मराठी वस्तीत गेले. काही काळापूर्वी तेथील शाळासोबत्यांनी स्नेहमेळावा योजला. यादी करताना पहिली अडचण मुलींची आली. आडनावे बदललेली, पत्ते माहीत नाहीत. कोणाची मावशी, कोणाची वहिनी अशा दुव्यांनी त्यांतील काही सापडल्या. मेळावा रंगला. जुन्या ओट्यावर छायाचित्रे निघाली. परतल्यानंतर, अध्यापनासाठी 'बलुतं' पुन्हा चाळताना, प्राथमिक शाळेत माझ्याच बाकावर बसणारा एक मुलगा आठवला. तो गल्लीच्या टोकाला, नळाच्या पलीकडे राहत असे. यादीत त्याचे नाव नव्हते. ते कोणी खोडले नव्हते, कोणाला आठवलेच नव्हते, मलाही नाही. एका मित्राला विचारले, तर तो निरागसपणे म्हणाला, "अरे, तो आपल्या गल्लीतला कुठे होता?" आमची गल्ली नळापाशी संपत होती, हे मला पन्नाशीनंतर कळले.

साहित्यकृतीलाही हाच प्रश्न विचारता येईल. पुनर्भेटीच्या लेखनाचे मूल्य आठवणींच्या विपुलतेवर किंवा स्वराच्या आर्ततेवर ठरवणे अपुरे आहे. त्या लेखनातील गल्ली कोठे संपते, आणि ती तेथे संपते याचे भान लेखनाला आहे काय, हे पाहायला हवे. राकेश, घोष आणि पवार यांच्या कृतींना, आणि वेगळ्या रीतीने ओवीलाही, हे भान आहे. तीन भाषांतील लिखित कृती आणि एक मौखिक परंपरा एकत्र वाचल्याने हा निकष हाती लागला. केवळ मराठी ललितगद्याच्या अंगणात उभे राहून तो सुचला असता असे वाटत नाही. त्या वर्गमित्राचा पत्ता अद्याप मिळालेला नाही. शोध सुरू आहे.