भिंतीवरची कवंदी

एका परिचित कुटुंबाच्या दिवाणखान्यात टांगलेली गोधडी पाहण्याचा योग नुकताच आम्हांस आला. गोधडी सिद्दी स्त्रियांच्या हातची. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत हा आफ्रिकी वंशाचा समाज राहतो; त्यांपैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी झुगारून रानात शिरलेले. गोधडीला ते ‘कवंदी’ म्हणतात. ख्रिस्ती सिद्दींच्या कवंदीवर कधी क्रूसही आढळतो; तो येथे होता.

रंगांची मांडणी अप्रतिम. पण भिंत अरुंद, म्हणून शिंप्याकडून डावीकडची वीतभर पट्टी कापवून घेतलेली! येथे आमचा आक्षेप आहे. कवंदीची शिवण कडेपासून सुरू होते आणि धावदोऱ्याने फिरत फिरत मध्याशी येते. एक बाजू छाटली की बाहेरचे फेरे तुटतात. शिवाय कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची ‘फुले’ असतात. त्यांच्याविना कवंदी उघडी, असे त्या स्त्रिया मानतात. येथे दोन फुले गेली.

वास्तविक जादा भाग मागे सैलसर दुमडता आला असता. पाठीमागे वरच्या कडेला कापडाची नळी हाताने टाचून तीत दांडी ओवली की वजनही सर्वत्र सारखे पडते. खिळे तर नकोतच, आणि उन्हाची भिंतही नको.

सुदैवाने गृहिणीने ती पट्टी कपाटात जपून ठेवली आहे. ती परत शिवून घ्यावी, जोड दिसला तरी दिसू द्यावा, असे आम्ही त्यांना सुचविले आहे.