पाठीतला वार : एका नियमाचे पन्नास वर्षांचे चरित्र

‘पाठीत खंजीर खुपसणे’ हा वाक्प्रचार आपण शस्त्रासाठी क्वचितच वापरतो. वापरतो तो विश्वासघातासाठी. ‘बॅकस्टॅब’ या इंग्रजी शब्दालाही हाच वास आहे. हा शब्द एका खेळाच्या नियमपुस्तकात आला, तिथे त्याला गुणाकाराचे कोष्टक जोडले गेले आणि पुढे तो शब्दच पुसला गेला. नियमपुस्तके साहित्य म्हणून वाचण्याची आपल्याकडे रीत नाही. मीही कोणा गुरूच्या हाताखाली हे शिकलेलो नाही. तरीही आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या, की नियमाच्या एकेका ओळीत पात्राची कल्पना कशी बदलते ते दिसते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू एकेक पात्र होतात, एक जण कथा चालवतो आणि शंकास्थळी फासे निर्णय देतात. मूळ संचात योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. चोर आला १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत. त्याच्या जीवनशक्तीसाठी चार बाजूंचा फासा, म्हणजे तो जादूगाराइतकाच नाजूक. मात्र नकळत मागून वार केला तर नेम साधण्याची शक्यता वाढे आणि इजा दुप्पट होई. गायगॅक्स यांनी १९७९मध्ये दिलेल्या प्रेरणास्रोतांच्या यादीत फ्रिट्झ लायबरच्या फाफर्ड आणि ग्रे माउसर यांच्या कथा आहेत. अंधार, शिडशिडीत देह आणि चलाखी हा ऐवज अशा कथांतलाच.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हे चित्र सर्वांत स्पष्ट आहे. पहिल्या चार पातळ्यांना इजा दुप्पट, मग तिप्पट, चौपट आणि तेराव्या पातळीपासून पाचपट. पण अटी कडक. शत्रू बेसावध हवा, चोर त्याच्या मागे हवा आणि शत्रूला मुळात पाठ हवी. राक्षसाएवढ्या उंच शत्रूवर वार करायचा तर कठड्यासारख्या उंच जागी उभे राहायला हवे; घोट्यावरचा वार चालणार नाही. हा नियम आकड्यांचा असला तरी तो प्रसंग मागतो. खेळाडूला ‘मी कुठे उभा आहे, मला कोण पाहते आहे’ हे सांगावेच लागते.

२०००मध्ये तिसरी आवृत्ती आली. आता वर्गाचे नावच ‘रोग’ झाले. देवनागरीत ते आजारासारखे वाचले जाते, म्हणून मी ‘ठक’ म्हणतो. ‘बॅकस्टॅब’ची जागा ‘स्नीक अटॅक’ने, म्हणजे चोरट्या वाराने घेतली. गुणाकार गेला आणि बेरीज आली : सहा बाजूंचा एक जादा फासा, दर दोन पातळ्यांना आणखी एक, एकोणिसाव्या पातळीला दहा. आखूड तलवारीचा हिशेब पाहा. जुन्या दुपटीत पहिल्या पातळीला सरासरी इजा ७, नव्या बेरजेतही ७. तेराव्या पातळीला जुनी १७.५ आणि नवी २८. पण खरा फरक आकड्यात नाही, संधीत आहे. साथीदाराने शत्रूला समोरून अडवले आणि ठक विरुद्ध बाजूला उभा राहिला, की प्रत्येक वाराला हे फासे मिळू लागले. पाठीची जागा बाजूने घेतली. मृतात्मे आणि यंत्रपुतळे मात्र अभेद्यच राहिले, कारण त्यांना मर्मस्थान नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीने हेही बंधन काढले आणि फासे फेरीतून एकदाच दिले.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत विरुद्ध बाजूला उभे राहण्याचीही गरज उरली नाही. लक्ष्यापासून पाच फुटांत त्याचा दुसरा शत्रू असला तरी पुरते. २०२४च्या सुधारित पुस्तकात ठक काही फासे सोडून देतो आणि त्या बदल्यात शत्रूला पाडतो, विष देतो किंवा स्वतः निसटतो.

जुने खेळाडू म्हणतात, नाट्य गेले आणि हिशेब उरला. त्यात तथ्य आहे. वाट पाहणे हा चोराचा स्वभाव होता आणि तो नियमातून गळाला. शत्रूला पाठ आहे की नाही हा प्रश्न आता कोणी विचारत नाही. पण जुन्या नियमाची किंमतही पाहावी. संधी जुळून न आल्यास तो खेळाडू संध्याकाळभर जवळजवळ प्रेक्षकच. खेळ हा चार मित्रांच्या वेळेचा व्यवहार आहे. एकाने वाट पाहत बसावे आणि तिघांनी लढावे, हे कथेत शोभते. टेबलावर ते अन्यायाचे होते.

माझ्या मते या नियमाचा खरा प्रवास नाट्याकडून हिशेबाकडे नाही. तो एकटेपणाकडून सोबतीकडे आहे. १९७५चा चोर अंधारावर विसंबे, आजचा ठक शेजारच्या मित्रावर विसंबतो. पाठीत खंजीर खुपसणे हे ज्याचे वैशिष्ट्य, त्याच्या हाती आज सर्वांत सोपी संधी येते ती कोणीतरी त्याच्यासाठी समोर उभे राहिल्यावर. विश्वासघाताच्या शब्दापासून सुरू झालेला नियम विश्वासावर येऊन थांबला, हे त्याच्या कर्त्यांनी ठरवून केले असेल असे नाही. पण पुस्तके ओळीने वाचली तर दिसते ते हेच.