झारी आणि कवटी

दुसरें महायुद्ध संपतें न संपतें तोंच ‘गेर्निका’च्या (१९३७) चित्रकारानें झारी, फळें, कवटी असल्या वस्तु मांडून बसावें, हें रसिकांस खटकणें स्वाभाविक आहे. पाब्लो पिकासोनें लोकांच्या दुःखाकडे पाठ फिरवून स्वयंपाकघरांत आश्रय घेतला काय? आमचें मत उलट आहे, आणि त्यास आधार त्याच्या शिळाछाप चित्रांचा आहे.

नोव्हेंबर १९४५ मध्यें तो पॅरिस येथील फेर्नां मूर्लो ह्यांच्या शिळाछापखान्यांत गेला व पुढें कित्येक महिने तेथेंच रमला. शिळाछाप आपणांस परकी नव्हे. रविवर्म्याच्या देवतांचीं चित्रें ह्याच रीतीनें आपल्या भिंतींवर आलीं. शिळेवर तेलकट खडूनें वा शाईनें चित्र काढावयाचें व शिळा ओली करावयाची, म्हणजे छपाईची शाई तेलकट भागासच धरते. पण रविवर्म्याच्या छापखान्यांत शिळेचें काम मूळ तैलचित्राची नक्कल उठविण्याचें. येथें शिळा हीच चित्रकाराची पाटी. तो खरवडी, पुन्हा काढी, पुन्हा ठसा घेई. तेथील त्युतँ नांवाच्या मुद्रकास हीं चित्रें मुळींच रुचत नसत. तरी ठसा उतरविण्यांत त्यानें हयगय केली नाहीं.

१४ मार्च १९४५ रोजीं पिकासोनें कवटी, झारी आणि कांद्याच्या पातीसारखी लीक नांवाची भाजी ह्यांचें तैलचित्र केलें होतें. कवटीपाशीं तिरप्या हाडांची जोडी असावयाची, तिच्या जागीं तेथें ही भाजी आहे. ही थट्टा नव्हे. १९४० ते १९४४ हीं जर्मन अंमलाचीं वर्षें त्यानें पॅरिसमध्येंच काढलीं. त्याचा जुना मित्र, कवि माक्स झाकोब, १९४४ मध्यें द्रांसीच्या छावणींत मरण पावला. अन्न आणि मरण एकाच मेजावर आलेलें त्या शहरानें पाहिलें होतें. पुढें २० फेब्रुवारी १९४६ च्या ‘काळी झारी आणि कवटी’ ह्या शिळाछापांत रंगहि गेले. तैलचित्रांतील काळ्यास इतर रंगांचा शेजार असतो. येथें त्यास सोबती एकच, कोरा कागद. त्यामुळें झारीहि कवटीइतकीच जड आणि मुकी वाटते.

आमची एक तक्रार मात्र आहे. कवटी दिसतांच मृत्यूचा अर्थ विनासायास हातीं येतो, आणि पाहणें तेथेंच थांबतें. झारीचें तसें नाहीं. ती रोजची वस्तु. तिच्या काळेपणाचें कारण आपल्यालाच शोधावें लागतें. कवटी वगळून ती झारी एकटीच त्यानें शिळेवर ठेवली असती, तर आम्ही त्या चित्रापुढें अधिक वेळ उभे राहिलों असतों.