एका भिक्षुकाची साक्ष

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतून सहली पुष्कळ निघतात. मे महिना आला की कुणी जुन्या गोव्याला जातो, कुणी दिल्ली-आग्र्याला, आणि ऐपत असल्यास कुणी रोमला व पवित्र भूमीलाही. ही गोष्ट आनंदाची आहे. मात्र परतलेल्या मंडळींना काय पाहिलेत असे विचारले असता बहुधा इमारतींची नावे, तटांची उंची आणि जेवणाखाण्याची सोय एवढेच ऐकू येते. ज्या माणसांनी त्या शहरांत सुखदुःख भोगले, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. स्थळ पाहिले म्हणजे इतिहास कळला, ही समजूत कितपत खरी? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस एका जुन्या मराठी प्रवासवर्णनाची पुनःपुन्हा आठवण होते. ते म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’.

विष्णुभट हे पेण तालुक्यातील वरसई गावचे भिक्षुक. घरावर कर्ज झालेले. अशात बायजाबाई शिंदे उत्तरेत मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, या आशेने ते १८५७ साली आपल्या काकांसमवेत निघाले, आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडले. महू, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, लखनौ, अयोध्या, काशी अशी वणवण करून दोन वर्षांहून अधिक काळाने ते घरी परतले. धन बहुतेक लुटले गेले होते. आईवडिलांना स्नान घालण्यासाठी कावडीतून आणलेले गंगोदक मात्र शाबूत होते.

या ग्रंथाचा पहिला गुण असा की, लेखक इतिहास पाहण्यासाठी निघालेलाच नव्हता. तो निघाला होता पोटासाठी, आणि हे तो कुठेही लपवीत नाही. कुठे किती दक्षिणा मिळाली, कुणी कसे जेवू घातले, हे तो मोकळेपणाने सांगतो. विद्वानांना हा तपशील क्षुल्लक वाटेल. आमच्या मते पुस्तकाची विश्वसनीयता याच तपशिलावर उभी आहे. जो स्वतःच्या गरजेविषयी खरे बोलतो, त्याच्या इतर बोलण्यावर आपण सहज भरवसा ठेवतो.

दुसरा गुण झाशीच्या प्रकरणांत दिसतो. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याच्या फौजेने झाशीला वेढा घातला, तेव्हा विष्णुभट शहरातच होते. सेनापतींचे अहवाल मोर्चे, तोफा आणि भगदाडे यांविषयी बोलतात. विष्णुभट पाण्याविषयी बोलतात, जीव मुठीत धरून घरांत दडलेल्या माणसांविषयी बोलतात. शहर पडल्यावर लूट कशी झाली, याचा त्यांनी दिलेला क्रम विसरता येत नाही: आधी सोनेनाणे, मग तांब्यापितळेची भांडी, मग धान्य आणि वस्त्रे. चौकाचौकांत प्रेतांना अग्नी द्यावा लागला. राणीच्या संग्रहातील पोथ्यांचा नाश झाला, आणि त्याची हळहळ या गरीब ब्राह्मणाला स्वतःच्या लुटल्या गेलेल्या पैशांइतकीच लागली. किल्ला कसा पडला हे इतरांनीही लिहिले आहे. शहर कसे मोडले हे जाणून घ्यायचे तर विष्णुभटांकडेच यावे लागते.

तिसरा गुण राणीच्या चित्रणात आहे. पुतळ्यांनी आपल्याला घोड्यावरची राणी दिली. विष्णुभटांनी तिचा दिनक्रम दिला, तिचा व्यायाम, तिचे दानधर्म दिले. झाशी सोडून काल्पीकडे जाताना वाटेत विहिरीपाशी ती त्यांना पुन्हा भेटते. अंगावर पठाणी वेष, तहानेने जीव व्याकूळ झालेला. पुढे जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर येथे तिला वीरमरण आले. विहिरीवरची ती थकलेली स्त्री वाचून झाल्यावर पुतळ्यासमोर उभे राहणारा वाचक निराळ्या आदराने उभा राहतो.

आता उणिवा. ग्रंथ घटनांच्या वेळी लिहिलेला नाही. सुमारे पंचवीस वर्षांनी, भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून, विष्णुभटांनी तो स्मरणातून लिहून काढला. तो छापला गेला १९०७ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, आणि तोही वैद्यांच्या हातून भाषेचे संस्कार होऊन. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. शिवाय बंडाच्या कारणांविषयी लेखक सांगतो त्यांतले पुष्कळसे ऐकीव आहे. त्याची दृष्टीही आपल्या जातीच्या उंबरठ्यापलीकडे फारशी जात नाही. ज्या घरी तो जेवला त्या घरांचे दुःख तो जितके जाणतो, तितके कोष्ट्याचे वा भिस्त्याचे दुःख जाणत नाही.

मग ही साक्ष टाकाऊ मानावी काय? सेमिनरीत शास्त्रलेखांचा अभ्यास करताना आम्हां धर्मगुरूंना हाच प्रश्न निराळ्या संदर्भात शिकवला जातो. शुभवर्तमानेही घटनांनंतर काही दशकांनी लिहिली गेली. त्यांतही मूळ साक्षीदार आणि संपादन करणारा हात असे दोन्ही आहेत. म्हणून आपण ती टाकून देत नाही. कोण बोलतो आहे, कुणासाठी, आणि कोणत्या मर्यादेत, हे ध्यानी घेऊन अधिक काळजीपूर्वक वाचतो. दोन्ही ग्रंथांची योग्यता एक नव्हे, हे सांगणे न लगे. वाचण्याची शिस्त मात्र एकच आहे.

हीच शिस्त प्रवासालाही लागू पडते. झाशीचा किल्ला ओरछाच्या बीरसिंहदेवांनी १६१३ साली बांधला आणि मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी त्याचा विस्तार केला, एवढे मार्गदर्शक सांगेलच. प्रवाशाने पुढचे विचारावे: वेढ्यात पाणी कुठून येत होते? धान्य कुणाकडे होते? पळायला वाट कुणाला मिळाली आणि कुणाला नाही? दगड या प्रश्नांची उत्तरे आपण होऊन देत नाहीत. त्यांच्याजवळ विष्णुभटांसारखा कुणी साक्षीदार उभा करावा लागतो.

याच नारोशंकरांचे मंदिर नाशिकला गोदाकाठी आहे, आणि तिथली भली मोठी घंटा मूळची पोर्तुगीज चर्चमधली, वसईच्या विजयाची खूण म्हणून टांगलेली. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसई शरण गेली, तेव्हाचा तो ठेवा. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे वसईच्या किल्ल्यात जातात, मोडक्या चर्चच्या कमानी पाहून हळहळतात. ती हळहळ खरी आहे. परंतु वेढ्यात आतली माणसे काय भोगत होती हे जसे विचारावे, तसेच पोर्तुगीज अमलात बाहेरच्या गावांनी काय सोसले, आपला धर्म पाळू न शकलेल्या शेजाऱ्यांनी काय सोसले, हेही त्याच कमानीखाली उभे राहून विचारावे. केवळ स्वकीयांचे दुःख मोजणारा प्रवासी अर्धेच शहर पाहून परततो. विष्णुभटांची मर्यादा आपण दाखवली. तीच आपण गिरवू नये.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती की, पुढच्या सहलीची तयारी करताना शिदोरीबरोबर त्या स्थळाविषयीचे एखादे जुने पुस्तक घ्यावे, आणि घरातील मुलांकडून ते गाडीत मोठ्याने वाचवून घ्यावे. सुरुवात ‘माझा प्रवास’पासून करता येईल. भाषा जुनी आहे, पण कठीण नाही. गरिबी, भीती, आईवडिलांची ओढ आणि घरी परतण्याची आस ज्याला ठाऊक आहे, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.