फोटो कुणाचा?

आमच्या मुलीचं लग्न सोलापुरात झालं. फोटोग्राफरच्या पावतीमागं मुंगीच्या अक्षरांत नियम होते: विचारल्याशिवाय फोटो फेसबुकवर टाकू नयेत, कापू नयेत, रंग बदलू नयेत. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्ह अडकवून ठेवत. आता आमची तोंडंच अडकली!

मी चिडून १९५७चा कॉपीराइट कायदा काढला. कलम १७ वाचलं आणि मिशीवर हात फिरवला. पैसे देऊन काढवलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईकच! पण वाक्यात एक शेपूट होतं: उलट करार झाला नसेल तर. आणि पावतीवर सही होती माझीच.

बरं, त्याचंही खरं आहे. पंगती उठल्या तरी तो उपाशीच उभा होता. फोटो आपण काढला हे सांगायचा हक्क कलम ५७ त्याला देतंच. नाव हवंच.

पण माझ्या आईच्या हसऱ्या फोटोत ते नाव नेमकं तिच्या कपाळावर छापलंय. लग्नानंतर दोन महिन्यांनी आई गेली. हसतानाचा तिचा एवढाच फोटो.

बाबा रे, नाव घाल, ठळक घाल. पण कोपऱ्यात घाल!